गिऱ्हाइकाला दिसायचंय की सापडायचंय?



गेल्या काही व्हिडिओंखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, फ्लेक्स लावला, पॅम्प्लेट वाटले, इन्स्टाग्रामवर रोज पोस्ट टाकतो, तरी कुणाचं लक्षच जात नाही. अजून मोठा बोर्ड करू का?" व्हिडिओत मी घाईघाईत उत्तर दिलं होतं, ते अपुरं होतं. म्हणून आज निवांत लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मोठा बोर्ड करू नका. मोठा, भडक, लुकलुकणारा बोर्ड ही बहुतेक छोट्या धंद्यांची पहिली चूक असते. ती चूक मी स्वतः केली आहे, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतोय.

माझा पहिला धंदा मोबाईल रिपेअरिंगचा. कराडला एसटी स्टँडजवळ छोटासा गाळा भाड्यानं घेतला होता. उद्घाटनाच्या आधी फ्लेक्सवाल्याकडे गेलो आणि म्हणालो, सगळ्यात उठून दिसेल असा बनव. त्यानं बनवला. लाल-पिवळी पार्श्वभूमी, मधोमध दुकानाचं नाव, डावीकडे आई-वडिलांचा फोटो, उजवीकडे चार-पाच कंपन्यांचे फोन, कोपऱ्यात एक चमकता तारा आणि खाली 'एकदा अवश्य भेट द्या'. 'मोबाईल रिपेअर' हे शब्द होते, पण नावाच्या खाली, बारीक अक्षरात.

आठवडाभरानं एक बाई माझ्या बोर्डाच्या बरोबर खाली उभ्या राहून शेजारच्या चहावाल्याला विचारत होत्या, "दादा, इथं मोबाईल दुरुस्त कुठं होतो हो?" चहावाल्यानं हात वर करून माझा बोर्ड दाखवला. बाई म्हणाल्या, "अगंबाई, हे होय! मला वाटलं वाढदिवसाचा फ्लेक्स आहे."

त्या दिवशी मला राग आला होता. बाईंना दिसत नाही, असं वाटलं. पुढं बऱ्याच वर्षांनी कळलं की बाईंचे डोळे अगदी बरोबर काम करत होते. चूक माझ्या बोर्डाची होती.

डोळे 'न बघायला' शिकतात

एसटी स्टँडचंच उदाहरण घ्या. फलाटावर दहा लाल गाड्या उभ्या आहेत. तुम्हाला पाटणची गाडी हवी आहे. पहिल्यांदाच आलेला माणूस गोंधळतो. गाडीचा रंग बघतो, गर्दी बघतो, भिंतीवरच्या जाहिराती वाचतो. रोज जाणारा माणूस यातलं काहीच बघत नाही. सगळ्याच गाड्या लाल, मग लाल रंग बघून उपयोग काय? त्याची नजर थेट काचेवरच्या पाटीवर जाते. पाटी, पाटी, पाटी, आणि 'पाटण' दिसलं की पाय चालायला लागतात. मुंबईत लोकलनं जाणाऱ्यांचंही तेच. इंडिकेटरकडे एक कटाक्ष, गाडी कुठली, स्लो की फास्ट, किती मिनिटांत, बस्स. त्याच्या आजूबाजूला कुठल्या साबणाची जाहिरात होती, हे दहा वर्षं रोज उभं राहणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

हे कुणी शिकवलेलं नसतं. शोधत असताना काय उपयोगाचं आणि काय बिनकामाचं, हे मेंदू आपोआप टिपून घेतो आणि बिनकामाच्या गोष्टींवर हळूहळू पडदा टाकतो.

इंटरनेटवर ही गोष्ट फार लवकर लक्षात आली. १९९८ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या बेनवे आणि लेन या दोन संशोधकांनी लोकांना एका वेबसाइटवर ठरावीक माहिती शोधायला सांगितली. काही माहिती पानाच्या वरच्या मोठ्या, रंगीत पट्टीत होती. पट्टी इतकी मोठी की चुकणं शक्य नाही, असं कुणालाही वाटेल. तरी अनेकांना ती सापडली नाही. हवी ती गोष्ट डोळ्यासमोर होती, पण तिचं रूप जाहिरातीसारखं होतं, म्हणून नजर तिला वगळून पुढं गेली. या प्रकाराला त्यांनी 'बॅनर ब्लाइंडनेस' नाव दिलं. बॅनरबाबतचं आंधळेपण म्हणा हवं तर.

बघा, माझ्या बोर्डाखालच्या बाईंचं हेच झालं होतं. चौकात वाढदिवसाचे, निवडीचे, अभिनंदनाचे इतके फ्लेक्स, की लाल-पिवळं आणि फोटो असलेलं काहीही 'आपल्या कामाचं नाही' असं त्यांच्या डोळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मी पैसे देऊन त्याच ढिगात जाऊन बसलो होतो.

सगळ्यात भडक वस्तू साध्या वस्तूपेक्षाही कमी दिसते

तुम्ही म्हणाल, सर, काही झालं तरी भडक गोष्टीकडे लक्ष जातंच की. अर्धं खरं आहे. यावर मानसशास्त्रात कित्येक वर्षं वाद चालू आहे. नेदरलँड्समधले यान थेउवेस यांनी १९९२ मध्ये दाखवलं की ठरावीक आकार शोधत असताना मध्येच वेगळ्या रंगाची एखादी वस्तू आली, तर शोधायला थोडा जास्त वेळ लागतो. म्हणजे भडक गोष्ट लक्ष खेचते, हे बरोबर.

पण पुढची गोष्ट ऐका. २०१५ मध्ये गॅस्पेलिन, लेनर्ड आणि लक या तिघांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. लोकांना आधीच नेमकं सांगितलं होतं की कुठला आकार शोधायचा. पडद्यावरच्या आकारांपैकी एक वेगळ्याच रंगाचा होता, पण तो शोधायचा नव्हता. मधूनच सगळ्या आकारांवर क्षणभर अक्षरं दाखवली आणि विचारलं, कुठली अक्षरं दिसली? त्या उठून दिसणाऱ्या आकारावरची अक्षरं लोकांनी इतर साध्या आकारांवरच्या अक्षरांपेक्षा कमी सांगितली. म्हणजे सगळ्यात उठून दिसणारी वस्तू साध्यासुध्या वस्तूंपेक्षाही कमी बघितली गेली. काय शोधायचं हे पक्कं ठाऊक असेल, तर मेंदू भडक गोष्टीला नुसतं टाळत नाही, तिला दाबून ठेवतो.

आणि २०१८ मधला बेंची वांग आणि थेउवेस यांचा प्रयोग तर प्रत्येक दुकानदारानं लक्षात ठेवावा असा. त्यांनी लक्ष विचलित करणारी वस्तू एकाच जागी जास्त वेळा दाखवली. लोकांना ते सांगितलं नव्हतं आणि बहुतेकांच्या ते ध्यानातही आलं नाही. तरी थोड्याच वेळात त्या जागेवरच्या वस्तूचा त्रास कमी झाला, म्हणजे डोळे ती जागा टाळायला शिकले. पण याची किंमतही होती. खरोखर हवी असलेली वस्तू त्याच जागी आली, की ती सापडायलाही उशीर व्हायला लागला.

हे वाक्य पुन्हा वाचा. जिथं नेहमी कचरा असतो, त्या जागेवर चांगली गोष्ट ठेवली तरी ती उशिरा सापडते. चौकातल्या ज्या खांबावर पन्नास फ्लेक्स लटकतात, त्यावर एक्कावन्नावा तुमचा लावला तर काय होईल, याचा अंदाज आता तुम्हीच करा. प्रयोगशाळेतला पडदा आणि आपला चौक एकच नाही, मान्य. पण दिशा स्पष्ट आहे.

मग मोठे ब्रँड होर्डिंग का लावतात?

हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. भडक जाहिरात कुणावर चालते? जो काहीच शोधत नाही त्याच्यावर. सिग्नलला थांबलेला, रांगेत उभा असलेला, रिकामा माणूस. त्याच्या डोक्यात शोध चालू नसतो, म्हणून जे उठून दिसेल तिकडे नजर जाते. मोठी कंपनी त्या रिकाम्या नजरेत वर्षानुवर्षं आपलं नाव घालत राहते आणि पुढं कधीतरी दुकानात ते नाव आठवेल याची वाट बघते. त्यासाठी दम आणि पैसा दोन्ही लागतं. आपल्याकडे तीन महिन्यांचं भाडं भरता येईल एवढंच भांडवल असतं. आपल्याला ते गिऱ्हाईक हवं जे आज, आत्ता काहीतरी शोधतंय. चप्पल तुटली आहे, दात दुखतोय, मुलीच्या डोहाळजेवणाला पन्नास माणसांचं जेवण हवंय. हे लोक शोधात आहेत, आणि शोधात असलेला माणूस भडक गोष्ट दाबून ठेवतो, हे आपण आत्ताच बघितलं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की छोट्या उद्योजकानं 'मी उठून कसा दिसेन' हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवावा आणि 'गिऱ्हाईक शोधताना डोळ्यांत काय घेऊन येतं' हा प्रश्न घ्यावा.

हायवेवरचा पंक्चरवाला बघा. ना लोगो, ना डिझायनर. रस्त्याकडेला एक जुना टायर उभा केलेला, त्यावर पांढऱ्या रंगात 'पंक्चर'. ज्याची गाडी पंक्चर झाली आहे त्याच्या डोक्यात टायर आणि पंक्चर या दोनच गोष्टी असतात. त्याला तो टायर लांबून दिसतो. ज्याची गाडी धड आहे त्याला तो टायर आयुष्यात दिसत नाही, आणि दिसायची गरजही नाही. रसवंतीवाले तर याहून हुशार. डोळ्यांची गर्दी त्यांनी टाळलीच. चरकाला घुंगरं बांधली आणि कानावाटे बोलावलं. मार्च-एप्रिलच्या उन्हात घसा कोरडा पडलेल्या माणसाला ती घुंगरं ऐकू आली की मान आपोआप वळते.

पाच गोष्टी लगेच करण्यासारख्या

पहिली. बोर्डावर सगळ्यात मोठं अक्षर कामाचं हवं, नावाचं नव्हे. कुलदैवताचं नाव, आजोबांचं नाव जरूर लिहा, मनापासून लिहा, पण छोटं. गिऱ्हाईक 'पिठाची गिरणी' शोधतंय. मी कराडला शेवटी पांढऱ्या पत्र्यावर काळ्या अक्षरात 'मोबाईल रिपेअर' लिहून घेतलं, खाली 'डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग'. पेंटरनं विचारलं, "बास? एवढंच?" एवढंच. त्यानंतर चहावाल्याला पत्ता विचारणं बंद झालं.

दुसरी. आजूबाजूचे बोर्ड आधी बघा, मग आपला ठरवा. सगळे लाल-पिवळे असतील तर तिसरा लाल-पिवळा करून काय मिळणार? तिथं शांत पांढरा बोर्ड वाचला जातो. आणि सगळे पांढरे असतील तर हिशेब उलटा होईल. रंग चांगला की वाईट, हे एकट्या रंगावर ठरत नाही, शेजारावर ठरतं.

तिसरी. एकदा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बसलेलं रूप हौसेखातर बदलू नका. पेप्सिकोसारख्या कंपनीलाही हे महागात पडलं. २००९ च्या सुरुवातीला त्यांनी अमेरिकेत ट्रॉपिकाना संत्र्याच्या रसाचं जुनं पाकीट बदललं. संत्र्यात खोचलेली स्ट्रॉ गेली, त्याजागी रसाचा ग्लास आला. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि जुनं पाकीट परत आणावं लागलं. रस तोच होता. फळीसमोर उभं राहून लोक जे चित्र शोधत होते, ते मात्र तिथं नव्हतं. तुमच्या चटणीच्या बाटलीचं हिरवं झाकण, हेच कदाचित तुमच्या गिऱ्हाइकाचं शोधायचं चित्र असेल. दर दिवाळीला लेबल बदलणाऱ्या ताईंनी याचा विचार करावा.

चौथी. व्हॉट्सअपवर रोज ओरडू नका. सकाळी 'शुभ सकाळ', दुपारी ऑफर, रात्री सुविचार. आठ दिवसांत समोरचा माणूस तुमचं नाव दिसलं की न उघडता पुढं सरकायला शिकतो. मग ज्या दिवशी तुम्ही खरंच कामाचं पाठवता, 'ताजे हापूस आले, उद्यापर्यंत सांगा', तेही त्याच ढिगात जातं. नेहमी कचरा येणारी जागा, आठवतंय ना? महिन्यात दोनदा पाठवा, पण उघडल्यावर काहीतरी हातात पडलं पाहिजे.

पाचवी. किंमत, वेळ आणि फोन नंबर जिथं लोक शोधतात तिथंच ठेवा. मेन्यूकार्डात भाव पदार्थाच्या समोर, ऑनलाईन दुकानात पत्ता 'संपर्क'मध्ये. नावीन्य पदार्थात दाखवा. भाव कुठं लिहिलाय हे शोधायला लावण्यात कसलं नावीन्य?

यावर कुणी म्हणेल, सर, तुमच्या चॅनेलवर तर लाल बाण आणि आ वासलेला चेहरा असतो! असतो. खरंतर असायचा. दोन वर्षं मी तसेच थंबनेल केले. मित्रानं सांगितलं तसं केलं होतं. पण आज लोक मला भेटतात तेव्हा ज्या व्हिडिओबद्दल आभार मानतात तो साधा, पांढऱ्या पाटीवरचा आहे: 'उद्यम नोंदणी घरबसल्या कशी करायची'. ते हेच शब्द टाकून शोधत होते आणि हेच शब्द त्यांना दिसले.

आता तुमच्या डोळ्यांबद्दल

आतापर्यंत गिऱ्हाइकाच्या डोळ्यांबद्दल बोललो. पण धंदा सुरू करताना तुम्हीही रोज काहीतरी शोधत असता. कच्चा माल, मशीन, कर्ज, परवाना. आणि तिथं तुमचं लक्ष विचलित करून पैसे काढायला लोक टपलेले असतात.

उद्यम नोंदणीच घ्या. ही सोय १ जुलै २०२० पासून सुरू झाली. सरकारी पोर्टलवर नोंदणीला एक रुपयाही फी नाही. तरी शोधायला गेलात तर वरच्या काही जागा एजंटांच्या जाहिरातींनी भरलेल्या असू शकतात. तिरंगी पट्टी, अशोकचक्रासारखं काहीतरी, 'आत्ताच नोंदणी करा' असं मोठं बटण. नवीन माणूस त्यावर क्लिक करतो आणि फुकट कामाचे पैसे भरतो. अशा वेळी काय शोधायचं हे आधी नेमकं ठरवा. तिरंगा शोधू नका, तो कुणीही छापतो. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का, तेवढंच बघा. जिथं 'प्रायोजित' लिहिलंय ते सोडून पुढं चला. चार वेळा असं केलंत की डोळ्यांना सवय लागेल, एसटीच्या पाटीसारखी.

पण या सवयीची एक दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख संपवणं बरं नाही. २०१३ मध्ये ड्रू, व्हो आणि वुल्फ यांनी २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला दिल्या. एका स्कॅनमध्ये त्यांनी मुद्दाम गोरिलाचं चित्र घातलं होतं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० डॉक्टरांना ते दिसलं नाही. आणि न दिसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची नजर थेट त्या जागेवर गेली होती. हे अडाणी लोक नव्हेत, बघण्यात आयुष्य घालवलेले तज्ज्ञ आहेत. गाठ शोधायला तयार झालेले डोळे गोरिला बघत नाहीत.

तुमच्या दुकानातही असा गोरिला असू शकतो. रोज संध्याकाळी तुम्ही गल्ल्यात फक्त 'आज किती जमले' एवढंच शोधता. मग उधारीची वही फुगत चाललेली दिसत नाही. मागच्या फळीवरचा एक्सपायरी झालेला माल दिसत नाही. काउंटरवरचा मुलगा हल्ली गिऱ्हाइकाशी तुटक बोलतो, तेही दिसत नाही. सगळं डोळ्यासमोर असतं. म्हणून आठवड्यातून एक दिवस शोधायची गोष्ट बदला. सोमवारी फक्त उधारी बघा. पुढच्या सोमवारी फक्त तारखा. त्याच्या पुढच्या सोमवारी दुकानाबाहेर रस्त्यापलीकडे उभे राहा आणि गिऱ्हाईक होऊन बघा.

या आठवड्याचा गृहपाठ

एक नवखा माणूस पकडा. शेजारचा कॉलेजचा मुलगा चालेल, घरचं माणूस नको, कारण त्यांना सगळं पाठ असतं. त्याला दुकानासमोर उभा करा, किंवा तुमचं इन्स्टाग्राम पान मोबाईलवर उघडून द्या. 'कसं वाटतंय?' असं विचारू नका. लोक चांगलंच म्हणतात. एक काम द्या. "इथं पाव किलो शेंगदाणा चटणी कितीला मिळते ते शोध." मग गप्प बसा आणि त्याचे डोळे बघा. कुठं अडतात, काय ओलांडून पुढं जातात, शेवटी कुठं थांबतात. जे ओलांडून गेले, त्यावर तुम्ही पैसे घातले असतील तर त्याची नोंद करा. पुढच्या वेळी तिथं पैसे घालायचे नाहीत.

तुमच्याकडे काय निघालं ते व्हिडिओखाली लिहा. मी स्वतः वाचतो. आणि फ्लेक्सवाल्याला ॲडव्हान्स देऊन बसला असाल तर आजच फोन करा आणि एवढंच सांगा: कामाचे शब्द मोठे, बाकी सगळं लहान.

भेटू पुढच्या आठवड्यात.